म्हशी चढतात तो उतार

संगमनेर तालुक्यात जाऊन काय पाहिलंत, असं परत आल्यापासून ऑफिसातले सगळे विचारताहेत. किल्ला पाहिला नाही, धरण पाहिलं नाही, लेणी असतील तर मला ठाऊक नाहीत. मी एक ओटा पाहिला. छातीइतका उंच, दगडी, दूध डेअरीचा. तो पाहायला मी पुण्याहून दोन कुबड्या आणि पायाला लोखंडी कॅलिपर घेऊन गेले, आणि येताना असा संताप घेऊन आले की हे लिहिल्याशिवाय माझं डोकं ठिकाणावर यायचं नाही.

आधी जाण्याचं कारण सांगते. सिंधू आणि मी लहानपणी पुण्यातल्या एका इस्पितळात शेजारच्या खाटांवर होतो. दोघींना पोलिओ, दोघींचे पाय प्लास्टरमध्ये. मी पुण्यातच शिकले आणि सरकारी कचेरीत टायपिस्ट झाले. ती आपल्या गावी, करंजदऱ्याला परतली आणि गाई पाळू लागली. तिथल्या दूध संस्थेनं डेअरीच्या ओट्याला अपंगांसाठी उतार बांधला होता, आणि त्याच्या उद्घाटनाला पुण्याच्या ताईंना बोलवावं असं सिंधूनंच चेअरमनना सुचवलं होतं. दिल्लीत आमच्यासाठी नुकताच कायदा झाला होता. पुण्यात त्या कायद्याची एक वीटही कुठे बसलेली दिसत नव्हती, आणि इथे एका खेड्यानं चक्क उतार बांधला होता! मी उड्या मारत रजा टाकली. उड्या मनातल्या मनात, हे सांगायला नकोच.

शुक्रवार : शिवाजीनगर ते करंजदरा

एस.टी.ची पहिली पायरी ज्यानं ठरवली त्याला मला एकदा भेटायचंय. तो गृहस्थ शिडीवरच जन्मला असावा. आधी कुबड्या आत फेकायच्या, मग दोन्ही हातांनी दांडा धरून स्वतःला वर ओढायचं, आणि हे सगळं मागची गर्दी "चला, चला" करत असताना. आत गेलं की 'अपंगांसाठी राखीव' असं लिहिलेल्या सीटवर एक धडधाकट गृहस्थ मांडीवर पिशवी घेऊन पेपर वाचत असतात. यांनी मला नीट न्याहाळलं, पाटी वाचली, आणि विचारलं, "तुम्हाला लांब जायचंय का?" म्हणजे जवळच जायचं असेल तर मी उभी राहू शकते!

कंडक्टर त्यांच्यावरही ताण. मी तिकिटाचे पैसे हातात धरून बसलेले, आणि ते शेजारच्या बाईंना विचारतात, "ह्यांना कुठं उतरायचंय?" त्या बाईंनी बिचाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ह्यांना संगमनेरला उतरायचंय. ह्यांना बोलता येतं." कंडक्टर हसले. मी हसले नाही.

आळेफाट्याला गाडी थांबली. तिथली मिसळ फार चांगली असते म्हणे. मला ठाऊक नाही, कारण लांबच्या प्रवासाला निघताना मी सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाही. बायकांच्या मुतारीला पायऱ्या, आत ओल, दार एवढं अरुंद की कुबडी आडवी होत नाही, आणि धरायला भिंतीवर काही नाही. माझ्यासारख्या बायका प्रवासात काय खातात असं कोणी विचारलं, तर उत्तर आहे : काही नाही. पुण्यातल्या आमच्या कचेरीतही बायकांचं स्वच्छतागृह वरच्या मजल्यावर आहे आणि मी खाली बसते, त्यामुळे नगर जिल्ह्याला नावं ठेवण्याचा मला काही अधिकार नाही. मी दोघांनाही ठेवते.

चंदनापुरीचा घाट उतरला की हवा बदलते. थंडीचे दिवस होते, खाली उसाचे हिरवे पट्टे, मधेच कांद्याची रोपं लावणाऱ्या बायकांची रांग, आणि रस्त्यानं साखर कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्या. संगमनेरच्या स्टँडवर उतरताना माझ्या कुबडीचं रबरी बूच निसटून गटारात गेलं. बूच गेलं की कुबडी फरशीवर बर्फावरून घसरावी तशी घसरते. मी खांबाला धरून उभी होते तेव्हा सिंधूचा भाऊ दत्तू समोर आला. काळा, लाजाळू, डोक्याला मफलर. त्यानं स्टँडबाहेरच्या सायकलवाल्याकडून जुन्या टायरचा तुकडा कापून कुबडीला बांधून आणला. मग डेअरीच्या दुधाच्या टेम्पोपाशी नेलं आणि विचारलं, "ताई, कसं चढता तुमी? मी कुठनं धरू, का धरूच नको?"

त्या तीन दिवसांत मला हे विचारणारा तो एकटाच माणूस. म्हणून इथे लिहून ठेवते.

सिंधूच्या वडिलांनी, कोंडाजींनी, बांधलेल्या घरी हुलग्याची शेंगोळी, बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. तिची गाय नुकतीच व्यायली होती, त्यामुळे खरवसही होता, गूळ घातलेला, वेलदोडा लावलेला. पुण्यात आम्ही खरवस दुकानातून आणतो आणि वडी मोजून खातो. इथे सिंधूच्या आईनं ताटली भरून पुढ्यात ठेवली आणि संपेपर्यंत उठू दिलं नाही. न्हाणीघरात दत्तूनं खुर्चीची बैठक मधोमध कापून बसायची सोय केली होती आणि भिंतीला लोखंडी पाइप ठोकला होता. दिवसभरानंतर मी पोटभर पाणी प्यायले.

शनिवार सकाळ : ओटा

सकाळी सिंधू तिच्या तीनचाकी सायकलवर आणि मी कुबड्यांवर, अशा आम्ही डेअरीवर निघालो. सिंधू हातानं पॅडल फिरवते, मागच्या पेटीत दुधाची किटली. दत्तू बरोबर.

डेअरीचा ओटा उंच का, तर टेम्पोच्या फळीला बरोबर भिडावा म्हणून. मागच्या बाजूला गुळगुळीत फळ्या टाकलेल्या. भरलेले मोठे कॅन त्यावरून अलगद सरकत टेम्पोत जातात. पुढून माणसांसाठी दगडी पायऱ्या. वर टेबल, टेबलावर दुधाचं माप आणि फॅट मोजायचं मशीन, आणि मशीनपाशी बबन टेस्टर. जो दूध घालेल त्याचं नाव आणि फॅट बबन मोठ्यानं ओरडतो. "काशिनाथ, तीन आठ!" "शेवंता, चार!" तीन आठ म्हणजे तीन पूर्णांक आठ. सगळा गाव ऐकतो. कोणाची गाय चांगली, कोणाच्या दुधात पाणी, कोणाच्या घरी बाई कष्टाची, हे करंजदऱ्यात त्या हाकाऱ्यावरून ठरतं.

दत्तूनं पेटीतून किटली उचलली, पायऱ्या चढून वर गेला. बबन ओरडला, "दत्तू, चार दोन!"

सिंधू खाली सायकलवर बसून होती. "माजी गाय," ती म्हणाली. "पहाटं मी उठते, मी धार काढते, वैरन मी घालते. चार वर्सं झाली, रोज दोन टायमाला हेच ऐकते. दत्तू, चार दोन."

मी विचारलं, तुझं नाव का नाही? तर संस्थेचा ठराव असा, की जो स्वतः वर येऊन दूध घालील तोच सभासद. लोक दुसऱ्याच्या नावावर दूध खपवत होते म्हणून केलेला ठराव. सिंधूनं नाव मागितलं तेव्हा चेअरमन म्हणाले होते, "ज्या दिशी तू सोता वर येऊन घालशील, त्या दिशी तुजं नाव." कुबड्या घेऊन ती पायऱ्या कशाबशा चढते, पण मग किटली कोणत्या हातात धरायची? म्हणून उतार. सायकलसकट वर जायचं, आपल्या हातानं दूध ओतायचं, आपलं नाव ऐकायचं.

आणि मग मी तो उतार पाहिला. ओट्याच्या बाजूला, नवाकोरा, चुन्यानं पांढराशुभ्र केलेला, दोन्ही कडांना झेंडूच्या माळा. इतका उभा की मला आधी ती भिंतच वाटली. आणि त्यावर वितीवितीच्या अंतरावर आडव्या विटा, उभ्या बसवून पक्क्या केलेल्या.

"ह्या विटा कशाला?" मी विचारलं.

चेअरमन उत्तमराव तेवढ्यात आलेच होते. पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा, मनानं प्रेमळ माणूस. ते कौतुकानं म्हणाले, "पाय घसरू नये म्हनून! बैलबाजारात ट्रकात गुरं चढवायचा धक्का हाय ना, त्याचंच माप आनलंय. गवंडी बी तोच. म्हशी चढत्यात बघा तिच्यावर, गाभण म्हशी! मंग ह्या पोरीला काय अवघड हाय?"

गावानं खर्च केला होता, गवंड्यानं मजुरी सोडली होती, बायकांनी माळा ओवल्या होत्या. आणि सगळ्या गावात कोणाच्या मनात आलं नाही, की शेजारच्या आळीत राहणाऱ्या सिंधूला जाऊन विचारावं. चाकाला खूर नसतात हे कळायला दिल्लीचा कायदा लागत नाही. गुरं चढवायचा अनुभव होता, म्हणून गुरांचा उतार बांधला. आमची गणती त्यांनी कशात केली, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं, आणि मला राग आला तो त्याचाच.

परत येताना मी सिंधूवर उखडले. "तू रोज इथून जातेस. बांधताना दिसला नाही तुला?"

"दिसला की. म्हनलं, उतार लांब घ्या, विटा काढा. तर म्हनले, लांब घेतला तर टेम्पोला वळायला जागा राहत न्हाई. आनि विटा तुज्या भल्यासाठीच हायेत."

"मग मला उद्घाटनाला कशाला बोलावलंस?"

सिंधू पॅडल फिरवत पुढे बघत म्हणाली, "तू लई रागीट हायेस म्हनून. दवाखान्यात तू नर्सच्या अंगावर भांडं फेकलं हुतं. मला ह्या गावात राहायचंय न्हवं, मला सगळ्यांशी गोड बोलावं लागतं. म्हनलं, भांडायला एक बाहेरचं मानूस आनू."

मला रागही आला आणि हसूही. लोक पाहुण्यांना आरतीसाठी बोलावतात, हिनं भांडणासाठी बोलावलं होतं.

शनिवार संध्याकाळ : उद्घाटन

दूध घालायच्या वेळेआधी कार्यक्रम. मंडप, सतरंजी, कर्णा. दूध घालणाऱ्या बायाबापड्या किटल्या पुढ्यात घेऊन बसलेल्या. माझ्यासाठी टेबल-खुर्ची, शाल, श्रीफळ, हळदीकुंकू. चेअरमननी भाषण केलं. आम्हाला 'देवाची लेकरं' म्हणाले. ही उपाधी मला लहानपणापासून मिळतेय. देवाच्या लेकरांना देवळाच्या पायऱ्या चढता येत नाहीत, हे देवाला अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही.

शेवटी ते म्हणाले, "आता आपल्या पुन्याच्या ताई फीत कापतील." फीत उताराच्या वरच्या टोकाला बांधलेली होती! मी वर पाहिलं. लगेच चार दणकट गडी पुढे आले, हात चोळत, मला खुर्चीसकट उचलायला.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. कर्णा चालू होता, त्यामुळे ते गावभर गेलं. "मी फीत कापणार नाही. उतार माझ्यासाठी नाही, सिंधूसाठी आहे. आधी तिची सायकल वर जाऊ द्या."

सिंधूनं सायकल उताराला लावली. पेटीत संध्याकाळच्या दुधाची किटली. तिनं जोर लावला. पुढचं चाक पहिल्या विटेला अडलं. तिनं मागे घेऊन पुन्हा जोर लावला. गडी न विचारता धावले, मागून रेटा दिला. चाक विटेवर चढलं, सायकल मागे कलंडली, दत्तूनं अंगावर झेलली म्हणून सिंधू वाचली. किटलीचं झाकण उडालं आणि दूध त्या पांढऱ्याशुभ्र उतारावरून खाली वाहत आलं. बायकांच्या तोंडून "आगंबया" निघालं.

उत्तमराव म्हणाले, "आसूद्या, आसूद्या. आमी धरू की रोज. गाव हाय, कोन बी धरंल."

माझा तोल गेला तो इथे. "मग तुम्हालाही रोज चौघांनी धरून वर न्यावं," मी म्हटलं. "सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. सगळ्या गावासमोर, धोतर सावरत. आणि वर पोचलात की सगळ्यांनी टाळ्या वाजवाव्यात, काय जिद्दीचा माणूस आहे म्हणून. चालेल?"

मागून कोणी तरी हसलं. उत्तमरावांचा चेहरा लाल झाला. "ताई, तुमी पावन्या. पन पुन्याहून यायचं आनि गावाच्या चांगल्या कामाला नावं ठिवायची, ही कुठली रीत? आमी प्रेमानं बांधलं."

"प्रेमानं बांधलंत, पण विचारून नाही," मी म्हटलं. खरं तर आणखी पुष्कळ म्हणायचं होतं. पण सिंधूनं तोवर सायकल वळवली होती. ती पायऱ्यांसमोर आली आणि सायकल आडवी लावून बसली. उतार दुधानं निसरडा, वरच्या टोकाला फीत, त्यामुळे आता वर जायला कोणालाच वाट नव्हती.

"माप खाली आना," ती म्हणाली. गोड बोलणं संपलं होतं.

"आगं सिंधू, लोकांचं दूध नासंल!"

"मग आना लवकर."

म्हातारी शेवंताबाई उठली, आपली किटली तिनं सिंधूच्या चाकाशी ठेवली आणि तिथेच जमिनीवर बसली. "आना की रं. माजं बी गुडघं ह्या पायऱ्यांनी गेलं." मग आणखी दोघीतिघी येऊन बसल्या.

बबन वरून म्हणाला, मशीनची वायर खाली पोचत नाही. दत्तूनं मंडपातला कर्णा बंद केला, त्याची लांब वायर सोडवली आणि वर बबनकडे फेकली. माझ्यासाठी मांडलेल्या टेबलावरचं श्रीफळ बाजूला केलं आणि तिथे फॅटचं मशीन आलं. टेम्पो हॉर्न वाजवत होता. सिंधूनं किटलीच्या तळाशी उरलेलं दूध आपल्या हातानं मापात ओतलं. बबननं मशीन पाहिलं आणि सवयीनं ओरडला, "दत्तू, चार दोन!"

"दत्तू तिकडं हुबा हाय," सिंधू म्हणाली. "दूध कोनी घातलं?"

बबननं चेअरमनकडे पाहिलं. उत्तमराव म्हणाले, "ठराव वर येऊन घालायचा हाय. हे खाली घातलं." आणि उपरणं झटकून निघून गेले. फीत तशीच बांधलेली राहिली. मला इतका राग आला होता की शालीची घडी न करता मी तिचा बोळा खुर्चीवर टाकला. सिंधू मात्र घरी जाऊन गाईला वैरण घालू लागली.

रविवार : परत

सकाळची पहिली गाडी धरायची होती. सिंधू पोचवायला आली नाही. तिची धार काढायची वेळ होती आणि ती म्हणाली, "मला आज लवकर जायचंय." दत्तूनं मला गाडीत बसवलं, अर्थात आधी विचारून. राखीव सीट रिकामी होती. मी तिथेच, ड्रायव्हरच्या मागे, खिडकीशी बसले.

गाडी डेअरीच्या वळणावर आली आणि थांबली. पुढे दुधाचा टेम्पो रस्ता अडवून उभा, सारखा हॉर्न वाजवत. ओट्याभोवती ही गर्दी. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं, काय झालं? खालून कोणी सांगितलं, "ती सिंधी पायऱ्यांम्होरं आडवी बसलीया. माप खाली आनलं तरी उठंना. म्हंती, नाव घ्या."

माझ्या मागचे एक गृहस्थ करवादले, "एका लंगडीपायी सगळ्यांचा खोळंबा!"

मी वळून म्हटलं, "तिचा चार वर्षं चाललाय. तुमचा आत्ताच सुरू झाला. बसा."

ओटा रस्त्याला लागूनच होता, खिडकीतून मला सगळं दिसत होतं आणि बरंच ऐकूही येत होतं. मशीन खाली, टेबलावर. सिंधूचं दूध मापात, त्यामुळे मागची रांग अडलेली. उत्तमराव कानाला उपरणं गुंडाळून बाजूला उभे, पांढऱ्या उताराकडे पाठ करून. टेम्पोवाला ओरडत होता, की संगमनेरला वेळेत पोचलं नाही तर सगळं दूध परत येईल. बबन दबक्या आवाजात म्हणाला, "दत्तू, चार तीन."

मला चढवून दत्तू मागोमाग तिथे पोचला होता. त्यानं डोक्याचा मफलर काढून हातात घेतला. लाजाळू माणूस, चेअरमनसमोर आयुष्यात कधी बोलला नसेल. "माजं दूध न्हाई ते," तो म्हणाला. "माजी गायच न्हाई."

टेम्पोचा हॉर्न चालूच होता. उत्तमरावांनी टेम्पोकडे पाहिलं, रांगेतल्या किटल्यांकडे पाहिलं, आमच्या गाडीकडे पाहिलं. मला त्यांनी खिडकीत ओळखलं असावं. मग बबनकडे न बघताच त्यांनी हात उडवला, घे बाबा एकदाचं, असा.

बबन मशीनकडे बघत काही तरी पुटपुटला. मला ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं म्हन," सिंधू म्हणाली. "दत्तूचं मोठ्यानं म्हनत हुतास."

बबननं मान वर केली आणि आमच्या अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असा ओरडला, "सिंधू कोंडाजी, चार तीन!"